आखूड दांड्याची कुदळी

खुरपणीचे दिवस आले की संध्याकाळी घरोघरी कंबर धरून बसलेल्या बाया दिसतात. "कामच तसं, दुखायचंच," असं आपण म्हणतो. पण कामामुळं दुखतं की अवजारामुळं, यावर अमेरिकेत एक खटला झाला होता. तो आज सांगते.

कॅलिफोर्निया राज्यात सालिनास खोऱ्यात लेट्यूस या पालेभाजीचे मोठे मळे आहेत. तिथं विरळणीला आणि तण काढायला मजुरांना फूट-दीड फूट दांड्याची कुदळी देत. मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे. ते तिला स्पॅनिशमध्ये 'एल कोर्तितो', म्हणजे आखुडली, म्हणत. दिवसभर कमरेतून वाकायचं. असं तासन्‌तास वाकलं की मणक्यांमधल्या गाद्या दबतात, स्नायू ताणले जातात, आणि वर्षानुवर्षं चाललं तर ती झीज भरून येत नाही.

मॉरिस जॉर्डेन या वकिलानं मजुरांतर्फे सरकारच्या सुरक्षा खात्याकडं दाद मागितली. डॉक्टरांनी साक्षी दिल्या. मालक म्हणाले, लांब दांड्यानं रोपं कापली जातील. मजुरांना खरं कारण ठाऊक होतं. वाकलेला तो कामावर, उभा तो रिकामा, हे मुकादमाला लांबूनच कळायचं! असुरक्षित अवजार वापरू नये, असा नियम होता. खातं म्हणालं, असुरक्षित म्हणजे मोडकं-तुटकं. ही कुदळी तर धडधाकट आहे. (कुदळी होती, माणसं नव्हती.) 1975 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ चुकीचा ठरवला. ज्या रीतीनं वापरावं लागतं त्यानं इजा होत असेल, तर तेही अवजार असुरक्षितच. त्याच वर्षी आखुडलीवर बंदी आली. लेट्यूस आजही तिथं पिकतं.

पुढं काही ठिकाणी नुसत्या हातानं तण उपटायला लावू लागले. वाकणं तेच. त्यावरही 2004 मध्ये निर्बंध आले, आणि असं काम करणाऱ्यांना जादा पाच मिनिटं विश्रांती मिळू लागली.

आपल्याकडं उकिडवं बसून खुरपतात, त्यामुळं गुडघेही जातात. अर्ध्या तासानं उठा, कमरेवर हात ठेवून हळूच मागं वाका. कंबर धरलीच तर शेक घ्या, एक-दोन दिवस हलकं काम करा. अंथरूण धरून बसू नका. पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओळींमधलं तण उभ्यानं काढायला सायकल कोळपं आहे, गटात मिळून एक घेता येतं. रोपाच्या बुडाशी खुरपं लागेलच. तेवढं पाळीपाळीनं करा.