स्तंभ कुणी बांधला?
(कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभाचा इतिहास)

डिसेंबर संपत आला की आपल्या मुक्ताईनगर भागातली माणसे कोरेगाव भीमाला निघतात. कुणी भुसावळहून रेल्वेने पुण्याला जातो, कुणी वर्गणी काढून गाडी करतो. १ जानेवारीला स्तंभाला मानवंदना द्यायची आणि परतायचे. सोबत आलेली मुले विचारतात, हा स्तंभ कुणी बांधला? कुणी सांगतो, आपल्या समाजाने बांधला. कुणी तर बाबासाहेबांचेच नाव घेतो. इतिहासाच्या हिशेबाने हे बरोबर नाही. पण त्या उत्तरात एक खरी गोष्ट लपलेली आहे. ती समजून घ्यावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. सगळे मिळून आठशेच्या वर माणसे, त्यात सुमारे पाचशे पायदळ, आणि दोन तोफा. रात्रभर चालून ती सकाळी कोरेगावजवळ आली, तर भीमेच्या पलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज उभी. ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास होती असे सांगतात. पण प्रत्यक्ष गावावर चालून आली ती त्यातली दोन हजारांच्या आसपास माणसे. आकडे सांगताना ही गोष्ट गाळू नये. अर्धवट इतिहास सांगितला तर उद्या दुसरा कुणी तेवढ्यावरच बोट ठेवतो.

दिवसभर गावातल्या गल्लीबोळांत लढाई झाली. रात्रभराची चाल, पोटात अन्न नाही, नदी समोर असून प्यायला पाणी नाही. अशा हालात ती तुकडी रात्रीपर्यंत टिकली. पेशव्यांची फौज गाव घेऊ शकली नाही आणि निघून गेली. कंपनीची २७५ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.

या लढाईची आठवण म्हणून इंग्रजांनी पेरणे गावच्या हद्दीत स्तंभ उभारला. २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. म्हणजे दगड कंपनीचा, पैसा कंपनीचा आणि हेतूही कंपनीच्या पराक्रमाचा. मात्र त्या दगडावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. ४९ नावे आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ‘नाक’ लावलेले नाव म्हणजे महार शिपाई. बाकी नावांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. ज्यांची सावली विटाळ मानली जात होती, त्यांची नावे इतरांच्या बरोबरीने एकाच दगडावर आली. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांवर काय बंधने होती, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू कसा होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या लाहोरच्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवले आहे. ते ध्यानात घेतले म्हणजे या २२ नावांचे मोल कळते.

पण इंग्रजांना तरी आपला कळवळा होता काय? मुळीच नाही. गरज होती तोवर भरती केली. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘लढाऊ जाती’चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. स्तंभावर नावे तशीच राहिली, आणि त्या शिपायांच्या नातवंडांना छावणीचे दार बंद झाले. तेव्हा आपली माणसे गप्प बसली नाहीत. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेपर्यंत अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण काढली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी आले आणि त्यांनी तिथे सभेत भाषण केले. सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा, महूच्या छावणीत जन्मलेला. त्या दिवसापासून स्तंभाचा अर्थ बदलला. कंपनीच्या जयाची खूण होती, ती आपल्या माणसांच्या स्वाभिमानाची झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला, हेही लक्षात ठेवावे. पुढे १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

१ जानेवारी २०१८ ला लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा त्या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. तरी पुढल्या वर्षी माणसे आलीच. लेकरे कडेवर घेऊन बायाही आल्या.

म्हणून मुलांना सांगावे, दगड इंग्रजांनी रचला, पण स्मारक आपल्या समाजाने केले. नावे कोरून स्मारक होत नाही. कुणीतरी दरवर्षी येऊन ती नावे वाचावी लागतात. वाचणारे नसते तर पुणे-नगर रस्त्यावरचा तो एक जुना खांब राहिला असता.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वस्तीतूनही पोरे फौजेत गेली. कुणी पेन्शनवर आले, कुणी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात राबले. त्यांची नावे कुठे लिहिली आहेत? म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घेतले पाहिजे. विहारात एक जाड वही ठेवावी. नाव, गाव, पलटण, भरतीचे साल, आणि मागे घर सांभाळणाऱ्या आईचे व बायकोचे नावही त्यात लिहावे. वर्षातून एकदा वंदना झाल्यावर ती मोठ्याने वाचावी. तथागतांनी युद्धाचा गौरव केला नाही. आपणही करायचा नाही. मरणाऱ्याला माणूस म्हणून आठवायचे, एवढेच.

त्याला ना सरकारी निधी लागतो ना मोठी वर्गणी. एक वही लागते, आणि लिहिता येणारे पोर. आपल्या विहारात दोन्ही आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!