घड्याळ व चुंबकत्व (गोंदिया जिल्हा)

पोलादी वा निकेलयुक्त भाग चुंबकल्याने मनगटी घड्याळाची चाल बिघडणे. मुंबई–हावडा मार्गावरील गोंदिया जंक्शन, तिरोड्याचे 3,300 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आणि राइस मिली यांमुळे जिल्ह्यात या विषयाचा विचार करावा लागतो.

कारण : चावीच्या घड्याळाची चाल बॅलन्स व्हील आणि केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगवर ठरते. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळात तासाला 18,000 ठोके पडतात. स्प्रिंग चुंबकली की वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि घड्याळ बहुधा पुढे पळू लागते; कधी दिवसाला काही मिनिटेही. नुसत्या साफसफाईने व तेल देण्याने हा दोष जात नाही, म्हणून आधी चुंबकत्व तपासावे.

स्रोत : संशय प्रथम रेल्वेच्या तारेवर जातो, पण तो टिकत नाही. तारेतून 500 अँपिअर प्रवाह धरला, तरी 5 मीटरवर क्षेत्र सुमारे 0.2 गॉस भरते. या भागात पृथ्वीचेच क्षेत्र सुमारे 0.45 गॉस आहे. आयएसओ 764 या मानकानुसार चुंबकरोधक घड्याळाने 60 गॉस सोसावे लागतात, नंतरचा फरक दिवसाला 30 सेकंदांहून अधिक नसावा. विजेच्या ट्रामच्या धास्तीने कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम 1904 पासून अलिबागला हलवावे लागले, हे खरे. मात्र तेथील उपकरणे पृथ्वीच्या क्षेत्रातील अत्यल्प बदल टिपणारी होती. मनगटी घड्याळाला तो न्याय लागू नाही.

खरा धोका अगदी जवळच्या स्थायी चुंबकाचा. राइस मिलमध्ये धानातील खिळे, तारेचे तुकडे, नटबोल्ट अडवण्यासाठी चुंबक बसवतात. प्रभावी चुंबकाच्या पृष्ठभागावर क्षेत्र हजारो गॉस असू शकते. त्यावर साठलेले लोखंड हाताने पुसून काढताना मनगट चुंबकाला जवळजवळ टेकते. तेच क्षेत्र हातभर अंतरावर नगण्य होते. चुंबक साफ करण्यापूर्वी घड्याळ उतरवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. मोबाइलच्या लहरींनी घड्याळ चुंबकत नाही. त्रास होतो तो स्पीकरच्या किंवा कव्हरच्या चुंबकाला घड्याळ खेटून ठेवल्याने.

क्वार्ट्झ : सेलवरच्या घड्याळातील स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने करतो; त्याला चुंबकाचे सोयरसुतक नाही. काटे फिरवणाऱ्या मोटरचा रोटर मात्र स्वतःच चुंबक असतो. प्रबळ क्षेत्रात तो अडतो, घड्याळ दूर नेले की बहुधा पुन्हा चालू लागतो. दरम्यान मागे पडलेली वेळ हाताने लावावी लागते.

डिजिटल : काटे नाहीत, मोटर नाही, हा दोष नाही.

निदान व उपाय : बंद घड्याळ होकायंत्राजवळ हळूहळू फिरवावे, सुई ठळकपणे हलली तर संशय धरावा. डिमॅग्नेटायझर हे प्रत्यावर्ती प्रवाहाचे वेटोळे असते. बटण दाबून धरून घड्याळ सावकाश हातभर दूर न्यावे, मगच बटण सोडावे. जवळ असतानाच सोडल्यास चुंबकत्व उरते. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळावर हा प्रयोग करू नये, रोटरचा चुंबक दुबळा होतो.

रोधक रचना : मऊ लोखंडाचे आतले कवच (रोलेक्स मिलगॉस, 1956, 1,000 गॉस), अलीकडे सिलिकॉनची हेअरस्प्रिंग.