पडण्याची सोय

२१ जुलै १९६३ रोजी मॉस्को येथे व्हालेरी ब्रुमेल याने २.२८ मीटर उंच उडी मारून स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, मेडफर्ड हायस्कूलचा डिक फॉस्बरी हा सोळा वर्षांचा मुलगा १.६३ मीटरशी झगडत होता. या दोघांची नावे एका परिच्छेदात यावीत असे तेव्हा कुणालाही वाटले नसते. पण ब्रुमेलची शैली पुढे मैदानावरून नाहीशी झाली आणि या मुलाची उरली, म्हणून आरंभ येथूनच करावा लागतो.

ब्रुमेलची शैली म्हणजे स्ट्रॅडल. पोट दांडीकडे वळवून अंग तिच्याभोवती गुंडाळत पलीकडे जायचे. हे तंत्र अवघड होते आणि फॉस्बरीला ते काही केल्या जमेना. म्हणून तो कैची उडीकडे परतला. ही उडी कुणीही न शिकवता मुले मारतात, एक पाय आधी, दुसरा मागाहून. जाणकारांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. १९६३ मध्ये ग्रँट्स पास गावच्या स्पर्धेत दांडी वर चढत गेली, तसा तो कंबर अधिकाधिक उचलू लागला आणि त्याबरोबर खांदे आपोआप मागे कलले. त्या एका दिवसात तो १.६३ वरून १.७८ मीटरवर गेला. पाठीची कमान करून एकेक अवयव क्रमाने पलीकडे नेला, तर शरीराचा गुरुत्वमध्य दांडीखालून जाऊनही माणूस वरून जाऊ शकतो, हे शास्त्रीय स्पष्टीकरण पुढचे आहे. त्या दिवशी मुलाला फक्त दांडी पडू द्यायची नव्हती.

मराठीच्या अभ्यासकाला याचे फार नवल वाटू नये. मर्ढेकरांना नवे सांगायचे होते तेव्हा त्यांनीही ओवी-अभंगच हाताशी घेतले. तुलना अर्थात ताणू नये. मर्ढेकरांना इतर छंद येत नव्हते असे नाही. फॉस्बरीला मात्र स्ट्रॅडल खरोखरच येत नव्हते.

येथपर्यंतची हकीकत नेहमी सांगितली जाते, आणि ती मला अर्धीच वाटते. कैची उडी मारणारा पायांवर उतरतो, स्ट्रॅडलवाला हातापायांवर सावरतो. पाठीवर आणि खांद्यांवर पडणाऱ्याला मात्र आधी विचारावे लागते, की खाली काय आहे? कित्येक दशके खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा होता. त्या भुशावर मानेवर पडण्याची कल्पना कुठल्याही शहाण्या शिक्षकाने मुलाच्या डोक्यात भरवली नसती, आणि तो दोष शिक्षकाचा नव्हे. पूर्वीच्या पिढ्यांत कुणाला ही उडी सुचली नाही, की सुचूनही परवडली नाही? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. मेडफर्डच्या शाळेने याच सुमारास फोमची गादी आणली. अशी सोय करणाऱ्या अगदी आरंभीच्या शाळांपैकी ती एक. कॅनडात डेबी ब्रिल ही मुलगी स्वतंत्रपणे जवळजवळ हीच उडी मारू लागली होती, आणि तिच्याही वडिलांनी तिच्यासाठी फोमचे तुकडे जमवून पडायला जागा करून दिली होती.

उडीचे नाव स्थानिक वृत्तपत्रातल्या एका छायाचित्राच्या ओळीवरून आले: फॉस्बरी फ्लॉप. मराठीत ‘फ्लॉप’ म्हटले की पडलेला सिनेमाच आठवतो. इंग्रजीतही त्या शब्दाला पडणे आणि फसणे असे दोन्ही अर्थ आहेत, आणि फॉस्बरीला हे दुहेरीपण आवडत असे.

ओरेगॉन स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक बर्नी वॅग्नर यांनी त्याला आधी जुन्याच वळणावर आणू पाहिले. पुढे त्याच्या उडीचे चित्रण करून पाहताना अंग आणि दांडी यांच्यामधली मोकळी जागा त्यांना दिसली आणि त्यांनी आग्रह सोडला. २० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीत फॉस्बरीने तिसऱ्या प्रयत्नात २.२४ मीटर पार करून ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले.

स्ट्रॅडल लगेच संपली नाही. १९७२ चे सुवर्ण युरी टार्माकने स्ट्रॅडलनेच जिंकले. रोझमारी आकरमान १९७७ मध्ये बर्लिनला दोन मीटर ओलांडणारी पहिली स्त्री ठरली, तीही स्ट्रॅडलनेच. १९७८ मध्ये व्लादिमीर याश्चेंकोने २.३४ मीटरचा विक्रम केला, तोही तसाच. ज्यांच्या अंगात जुने तंत्र मुरले होते त्यांना ते सोडण्याचे कारण नव्हते. नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र ते शिकलेच नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. या स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. आकडा ब्रुमेलचाच, बासष्ट वर्षांनंतरचा. गावी त्याने ही उडी शिकायला सुरुवात केली तेव्हा फोमची गादी नव्हती. मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर तो पाठ टेकत असे.