झपाटलेपण आणि अर्बुद

आपल्या हिंगोलीच्या पंचक्रोशीत एखादी तरणी पोर एकाएकी असंबद्ध बडबडू लागली, रात्र रात्र जागू लागली, तोंड वेडेवाकडे करू लागली, म्हणजे घरचे वडीलधारे अंगारा आणावयास निघतात. त्यांना हसण्याचा अधिकार आहे असे आम्हांस वाटत नाही. या व्याधीपुढे वैद्यकशास्त्रही पुष्कळ काळ चाचपडत होते.

इंग्लंडात 1968 साली कॉर्सेलिस प्रभृतींनी फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेंदूचा दाह यांचा संबंध मांडला. अर्बुद छातीत, दाह मेंदूत, आणि मेंदूत अर्बुदाचा लवलेशही नाही! हे घडावे कसे?

शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटू शकते, हे आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हते. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाची ती इंजेक्शने पुष्कळांना आठवत असतील. सेंपल यांनी 1911 साली काढलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून होई, आणि क्वचित एखाद्याचे शरीर त्या परक्या मेंदूशी झुंजता झुंजता आपल्याच मेंदूचा घास घेई. भारतात तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबले.

पुढे 2005 साली अमेरिकेत जोसेप दाल्माउ आणि त्यांचे सहकारी यांनी चार तरुण स्त्रियांची हकीकत छापली. चौघींच्याही बीजांडकोशात टेराटोमा! ही गाठ मोठी विलक्षण. तिच्यात केस सापडतात, दात सापडतात, आणि मेंदूच्या जातीच्या पेशीही सापडतात. शरीर त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे सोडते. तीच मेंदूतील 'एनएमडीए' नामक ग्राहकांना चिकटतात आणि ते ग्राहक पेशीच्या पृष्ठावरून आत ओढले जातात. हे ग्राहक 2007 साली ओळखले गेले. पेशी बहुधा मरत नाही, नुसती मुकी होते. म्हणून गेलेले माणूस परत येते. 2013 साली 577 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत अर्बुद 38 टक्क्यांत निघाले. बाकीच्यांत गाठ नव्हती, तरी दाह होताच. गाठ काढणे, स्टेरॉइड, रक्तद्रव बदलणे, या उपायांनी दोन वर्षांत सुमारे चार-पंचमांश रुग्ण सावरले. उपचार जितके लवकर, तितके बरे.

त्याच 2013 साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरविण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांविषयीची आहे. कोशातील गाठ तर पुष्कळदा साध्या सोनोग्राफीतही दिसते.