रुग्णालयाची पायरी

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. थोड्याच दिवसांत साथ शहरभर पसरली. आर्थर रोडवर रुग्णालय होतें, डॉक्टर होते. परंतु रोग्याला तेथें पाठविण्यास घरचीं माणसें धजत नसत. रोगी घरांतच लपविले जात. ऑक्टोबरच्या अखेरीस तर गिरणीकामगारांच्या जमावानें त्या रुग्णालयावरच हल्ला केला.

हें निव्वळ अज्ञानाचें फळ, असें अधिकारी म्हणत. पण लोकांची भीति सर्वस्वीं निराधार नव्हती. या रोगावर त्या काळीं खरें औषध नव्हतेंच. डॉ. हाफकिन यांची लस १८९७ च्या आरंभीं निघाली. तीहि रोग टाळण्यापुरतीच. अखेरच्या घटकेस आणलेला रोगी दगावे. 'तेथें गेलेला परत येत नाहीं' ही समजूत दृढ होई. आणि पुढचा रोगी आणखी उशिरां येई. शिवाय आप्तांची ताटातूट, परक्या हातचें अन्नपाणी, परपुरुषाकडून स्त्रियांची तपासणी, हीं दुःखें मरणाहून लहान वाटत नसत. पुण्यांत १८९७ सालीं घरोघर झडत्यांसाठीं गोरे शिपाई शिरले, तेव्हां भीतीचा संताप झाला. २२ जूनच्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

याच काळांत पुण्यांत लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें हिंदु प्लेग-रुग्णालय निघालें. मुंबईंतहि निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं रुग्णालयें उघडलीं. औषध तेथें निराळें नव्हतें. परंतु माणसें ओळखीचीं होतीं, आप्त जवळ बसूं शकत, जेवण घरच्या रीतीचें असे. सक्तीला न जुमानणारे लोक तेथें आपण होऊन जाऊं लागले.

पण ज्यांच्या समाजापाशीं पैसा नव्हता, ज्यांच्या स्पर्शाचाहि इतरांस विटाळ होई, त्यांनीं कोठें जावें? पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस डॉ. यशवंतराव फुले यांनीं दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनीं स्वतः पाठीवर घेऊन तेथें आणलें. त्यांनाहि रोग जडला, व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

रुग्णालय बांधल्यानें रोगी येतोच असें नाहीं. त्याची पायरी चढतांना आपलें माणूस व आपला मान बाहेर ठेवावा लागणार नाहीं, एवढी खात्री त्याला आधीं पटावी लागते.