शालेय आहारपाठाची मराठी परिभाषा : एक ऐतिहासिक विचार

शालेय मुलांना आहाराचे शास्त्र शिकवावे, या विचाराला भारतात प्रयोगशाळेतील संशोधनाने बळ दिले. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. पोळी, दूध, डाळ व भाज्या यांनी युक्त असा शिखांचा आहार त्यांत सरस ठरला, तर मुख्यतः भातावर विसंबलेला मद्रासकडील आहार निकृष्ट ठरला. पुढे १९२८ मध्ये मॅककॅरिसन यांनी भारतातील शाळांसाठी आहारविषयक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. असे ज्ञान देशी भाषांत आणणे हे केवळ भाषांतराचे काम नव्हते. मूल जे अन्न रोज खाते, त्याचीच नवी नावे त्याला शिकवावयाची होती.

मराठी पाठ्यपुस्तकांत रूढ झालेल्या संज्ञा पाहिल्या, तर या कामाचे तीन मार्ग दिसून येतात. 'कर्बोदक' हा शब्द घटकशः घडविलेला आहे : कर्ब आणि उदक. परंतु भाकरीत ना कर्ब दिसतो, ना उदक. त्या मानाने 'पिष्टमय पदार्थ' हा पर्याय पिठाची आठवण तरी देतो. 'प्रथिन' या शब्दात ध्वनी आणि अर्थ दोन्ही साधले आहेत. १८३८ मध्ये मुल्डर यांनी बर्झेलियस यांच्या सूचनेवरून स्वीकारलेली 'प्रोटीन' ही संज्ञा 'पहिला' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली असून 'प्रथम' हा शब्द त्याच कुळातला आहे. ही जुळणी व्युत्पत्तिशास्त्रज्ञाला आनंद देईल. मुलाला मात्र ती डाळीच्या वाटीपर्यंत नेत नाही.

'जीवनसत्त्व' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. १९१२ मध्ये फुंक यांनी 'जीवन' या अर्थाचा लॅटिन शब्द व 'अमाइन' यांच्या संयोगाने मूळ संज्ञा बनविली. ही सर्व द्रव्ये अमाइन नसल्यामुळे १९२० मध्ये ड्रमंड यांनी तिचे अंत्य अक्षर गाळण्याची सूचना केली. मराठीने जीवन ठेवले, अमाइन वगळले आणि त्या जागी 'सत्त्व' योजिले. नाचणीचे सत्त्व व गुळवेलीचे सत्त्व घरोघरी परिचित होते. 'निःसत्त्व' हे विशेषणही बोलण्यात होते. त्यामुळे कोंडा काढून टाकलेल्या तांदळाने काय गमावले, हे या शब्दाने सहज सांगता येते. मात्र घरचा शब्द आपले जुने अर्थही बरोबर आणतो. 'सत्त्व' म्हटले की 'सात्त्विक' आठवते. आणि माशाच्या यकृताचे तेल किंवा अंडे हे जीवनसत्त्वांनी समृद्ध असूनही रूढ अर्थाने सात्त्विक ठरत नाही. शास्त्रातील सत्त्व आणि आचारातील सत्त्व यांतील हे अंतर शिक्षकाने स्पष्ट न केल्यास शब्दाची सुबोधताच गैरसमजाचे कारण होते.

परिभाषेची ही अडचण कृतीने कमी करण्याची वाट वर्धा परिसरात दिसते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ, गूळ व घाणीचे तेल यांचा पुरस्कार केला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीममध्ये शेती व हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम मानले गेले. सेवाग्राम येथे स्वयंपाकघरातील कामही शिक्षणाचाच भाग होते. तेथे वस्तू आधी हाती येई आणि तिचे शास्त्र मागाहून.

तथापि, ज्याच्या घरी डाळच शिजत नाही, त्याला प्रथिनांचा पाठ देऊन काय साधणार? मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकातच गरीब मुलांसाठी शाळेत भोजन सुरू केले होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय योजना आली. परंतु अनेक राज्यांत मुलांना शिजविलेल्या अन्नाऐवजी महिन्याचे कोरडे धान्य मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यात दररोज किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत असे ठरविले. पाठ्यपुस्तकात पाठांतराचा विषय असलेली संज्ञा येथे मुलाच्या हक्काचे माप झाली.

आहारपाठाचा इतिहास पाहता परिभाषा शुद्ध असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, असाच निष्कर्ष निघतो. वर्गात 'प्रथिन' हा शब्द उच्चारला जाईल आणि त्याच दिवशी मुलाच्या ताटात उसळ पडेल, तेव्हाच त्या शब्दाचा अर्थ मुलाला कळेल.