मेंदूदान

मेंदूदान : मरणोत्तर आपला मेंदू संशोधनासाठी देणे. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात त्यास विशेष महत्त्व आहे. कारण या विकारातील सूक्ष्म बदल ऊतक प्रत्यक्ष तपासल्यावरच पूर्णपणे उलगडतात.

या अभ्यासाचा प्रारंभ रुग्णाने स्वतः न दिलेल्या मेंदूपासून झाला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस आल्त्सहायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे तपासलेली आउगुस्टे डेटर ही रुग्णा ८ एप्रिल १९०६ रोजी मरण पावली. तिचा मेंदू त्यांनी म्यूनिक येथे मागवून घेतला. रजतरंजनानंतर त्याच्या बाह्यकात चकत्ते व तंत्रिका कोशिकांत तंतूंचे गुंते आढळले. ही रुग्णा स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नव्हती.

पुढे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी न्यूकॅसल येथे वृद्धांच्या हयातीत केलेल्या चाचण्यांची त्यांच्या मेंदूंतील चकत्त्यांच्या संख्येशी तुलना करून दोहोंतील संबंध दाखविला (१९६८). १९७६-७७ च्या सुमारास अशाच ऊतकात ॲसिटिलकोलीन तयार करणाऱ्या एंझाइमाची न्यूनता आढळली. डोनेपेझिलसारखी औषधे त्यातूनच पुढे आली. ती लक्षणे काहीशी सौम्य करतात. रोग थांबवीत नाहीत.

स्वेच्छेने केलेल्या दानाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये आरंभिलेल्या अभ्यासात ६७८ कॅथलिक जोगिणींनी दरवर्षी चाचण्या देण्याचे व मरणोत्तर मेंदू देण्याचे मान्य केले. त्यांपैकी काहींच्या मेंदूत रोगाची चिन्हे विपुल असूनही त्यांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत होती. चकत्ते म्हणजेच स्मृतिभ्रंश, हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरले.

संमतीचे तत्त्व मात्र सर्वत्र पाळले गेले नव्हते. ब्रिटनमध्ये शवपरीक्षेनंतर अनेक मेंदू नातलगांच्या नकळत राखून ठेवल्याचे आयझॅक्स अहवालाने (२००३) उघड केले. २००४ च्या मानवी ऊतक अधिनियमाने इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये अशा वापरास संमती आवश्यक ठरविली.

भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेत १९९५ मध्ये मेंदूपेढी स्थापन झाली. सामान्यतः मृत्यूनंतर काही तासांत मेंदू काढतात. त्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये, तर काही उणे ८०° से. तापमानास ठेवतात. यामुळे चेहरा विद्रूप होत नाही व अंत्यसंस्कारही करता येतात. तुलनेसाठी निरोगी मेंदूही तितकेच आवश्यक असतात. स्मृतिभ्रंश बळावल्यावर संमती देण्याची क्षमता उरत नाही. म्हणून हा निर्णय बुद्धी शाबूत असतानाच घेऊन आप्तांना कळविणे इष्ट असते.